रिव्ह्यू: खाजगी विद्यापीठाची ‘५० टक्के मेरिट स्कॉलरशिप’, आणि समोर सीओईपीची मेटलर्जी

स्टार आधीच सांगून टाकते, पाचातले अडीच. त्यातला अर्धा तर फोनवर बोलणाऱ्या मुलीच्या गोड बोलण्याला दिलाय, बिचारी शेवटपर्यंत चिडली नाही. विद्यापीठाचं नाव लिहिणार नाही, कारण असल्या ऑफर साधारण एकाच साच्यातल्या असतात, सीईटीचा निकाल लागला की तुमच्याही फोनवर येतील, पोराचा नंबर एकदा कुठल्या एज्युकेशन फेअरमध्ये दिला असला की झालं. आणि हा रिव्ह्यू त्या विद्यापीठाचा नाही, त्यांच्या स्कॉलरशिपचा आहे. म्हणजे एक वस्तू म्हणून ती कशी आहे, किती टिकते, कोणी घ्यावी आणि कोणी लांबूनच नमस्कार करावा, एवढंच.

मी सहकारी बँकेत कर्जाच्या टेबलावर बसते. भाऊ तासगावजवळ द्राक्षं करतो, त्याच्या मुलाला, माझ्या भाच्याला, सीईटीत ९८ च्या थोडे वर पर्सेंटाइल आले. आता ९८ म्हणजे गावात पेढे वाटण्याइतके आणि कॅपच्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, लिस्टमध्ये रडवण्याइतके. सीओईपीचं, म्हणजे पुण्याच्या जुन्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजचं, कॉम्प्युटर तर स्वप्नातच, सांगलीच्या वालचंद कॉलेजचं कॉम्प्युटरसुद्धा काठावरून हुकणार असं दिसत होतं, आणि सीओईपीची मेटलर्जी (धातूंचं इंजिनिअरिंग) किंवा सिव्हिल मिळेल अशी आधीच्या वर्षांच्या कटऑफवरून आशा होती. तेवढ्यात कुरियरने हे फोल्डर आलं. जाड कागद, सोनेरी अक्षरं, आत ‘काँग्रॅच्युलेशन्स’ आणि भाच्याचं नाव, खाली कम्प्युटर सायन्स बीटेक, ट्यूशन फीवर ५० टक्के मेरिट स्कॉलरशिप. भावाने ते फोल्डर टीव्हीशेजारी उभं करून ठेवलेलं, आल्यागेल्याला दाखवायला. मला म्हणाला, “आक्का, तू बघ की जरा, तुमच्यात असले कागद रोजचेच असत्यात.”

असतात खरे. आणि रोज कागद वाचणाऱ्या माणसाची सवय अशी की पहिलं पान सोडून द्यायचं आणि थेट शेवटच्या पानावरचे बारीक अक्षरातले मुद्दे वाचायचे.

तर वस्तू काय आहे ते सांगते. पहिल्या वर्षाची ट्यूशन फी ४ लाख, त्यावर २ लाखाची सूट. इथपर्यंत छान. तिसऱ्या पानावर लिहिलेलं की स्कॉलरशिपची रक्कम पहिल्या वर्षाच्या फीवर काढली जाईल आणि ‘तीच रक्कम’ पुढच्या वर्षी लागू राहील, आणि फी दरवर्षी ८ टक्क्यांपर्यंत वाढू शकते. हे वाक्य दोनदा वाचा. म्हणजे टक्के पन्नास नाहीत, रुपये दोन लाख आहेत. फी वाढत जाणार, सूट तिथेच उभी. मी कॅल्क्युलेटर घेऊन भावाच्या समोरच मांडलं, पहिल्या वर्षी खिशातून २ लाख, दुसऱ्या वर्षी २ लाख ३२ हजार, तिसऱ्या वर्षी २ लाख ६६ हजार आणि चौथ्या वर्षी ३ लाख ४ हजाराच्या आसपास. चार वर्षांची बेरीज दहा लाखाच्या वर. भाऊ आपला ‘अर्धी फी, म्हणजे आठ लाख’ धरून बसलेला. चौथ्या वर्षी ती पन्नास टक्के स्कॉलरशिप चाळीसवर आलेली असते, आणि हे कोणी खोटं बोललेलं नाही, सगळं लिहिलेलं आहे.

त्याच्या खाली अटी. प्रत्येक सेमिस्टरला एसजीपीए, म्हणजे सेमिस्टरचे दहापैकी गुण, ८ च्या वर पाहिजे, एकही बॅक म्हणजे नापास विषय राहता कामा नये, हजेरी ७५ टक्के, आणि एकदा स्कॉलरशिप गेली की परत मिळणार नाही. ही शेवटची अट सगळ्यात जाचक. कारण पहिलं सेमिस्टर म्हणजे काय असतं हे ज्याने इंजिनिअरिंग केलंय त्याला विचारा, गावाकडचं पोर पहिल्यांदा होस्टेलला, मेसचं जेवण, एम-वन म्हणजे पहिलं गणित, आणि ते इंजिनिअरिंग ग्राफिक्स ज्यात बोर्डाला नव्वद टक्के घेतलेली पोरंही आडवी होतात. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी समजा कुठे ७.८ पडले तर तिसऱ्या वर्षी पूर्ण ४ लाख ६६ हजार आणि चौथ्या वर्षी ५ लाखाच्या वर. मग एकूण चौदा लाख. तेव्हा सोडून जाणार कुठे, दोन वर्षं तर तिथेच घालवलेली.

फोनवर विचारलं त्या मुलीला.

“ही स्कॉलरशिप चारही वर्षं आहे ना?”

“हो मॅम, सब्जेक्ट टू परफॉर्मन्स.”

“गेल्या वर्षी ज्यांना दिली त्यातल्या किती जणांची दुसऱ्या वर्षी टिकली?”

“मॅम, तुमचा भाचा इतका ब्राइट आहे, त्याला काहीच प्रॉब्लेम येणार नाही.”

मी तोच प्रश्न वेगवेगळ्या पद्धतीने विचारून पाहिला, उत्तर ब्राइट भाच्याच्या पुढे सरकलं नाही. आमच्याकडे कर्ज मागायला आलेला माणूस ‘थकबाकी किती’ विचारल्यावर ‘साहेब, देवाची कृपा आहे’ म्हणाला की आम्ही फाइल बाजूला ठेवतो.

साड्यांच्या सेलमध्ये आधी किंमत फुगवून मग अर्ध्यात देतात तसलाच हा प्रकार आहे का? काही प्रमाणात हो. खाजगी विद्यापीठांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवत नाही, ती त्यांची तेच ठरवतात. साध्या विनाअनुदानित कॉलेजची फी प्राधिकरणाकडून मंजूर होते आणि त्यांच्या वेबसाइटवर कॉलेजवार बघायला मिळते, तिथे जाऊन बघा, चांगलं नाव असलेली खाजगी कॉलेजं त्या ‘अर्ध्या’ फीच्या आसपास किंवा खालीसुद्धा सापडतील. मग अर्धी कशाच्या अर्धी हा प्रश्न विचारायलाच हवा.

आता मुद्द्यावर येते, कारण आमच्या घरात जो वाद पेटला तो चुकीच्या नावाने पेटला होता. सगळे म्हणत होते ‘नाव की स्कॉलरशिप’. भाचा एकीकडे, भाऊ मधे, आणि आमचे एक चुलते सीओईपीच्या बाजूने, ते म्हणत ‘१८५४ सालचं कॉलेज आहे, विश्वेश्वरय्या तिथले, अजून काय पाहिजे’. (विश्वेश्वरय्यांचा आणि आपल्या पोराच्या प्लेसमेंटचा काय संबंध असं मी विचारल्यावर ते दोन दिवस बोलले नाहीत.) पण कागदावर मांडलं तर वाद तो नाहीच. अमेरिकेत वगैरे असं असतं की मोठ्या नावाचं विद्यापीठ महाग आणि लहान विद्यापीठ स्कॉलरशिप देऊन स्वस्तात बोलावतं, तिथे खरंच नाव एका पारड्यात आणि पैसा दुसऱ्या पारड्यात. आपल्याकडे महाराष्ट्रात सरकारी इंजिनिअरिंगला उलटं आहे. नाव ज्याचं मोठं त्याचीच फी कमी. सीओईपीची फी आम्ही हिशोबाला वर्षाला लाखाच्या थोडी वर धरली, त्यात राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, म्हणजे लोक ज्याला अजून ईबीसीच म्हणतात ती, घरचं उत्पन्न ८ लाखाच्या आत असल्याने अर्धी ट्यूशन फी त्यातून. ती न धरताही चार वर्षांचे मिळून चार लाखाच्या आसपास. स्कॉलरशिप धरूनही खाजगीचे दहा लाख. फीतच सहा लाखाचा फरक, आणि होस्टेल-मेसचा फरक वेगळा, कारण त्या फोल्डरातलं एसी होस्टेल पहिल्या वर्षी सक्तीचं होतं आणि त्यावर स्कॉलरशिपचा एक रुपया लागू नव्हता.

मग त्या सहा लाखात नेमकं काय मिळणार होतं? नाव नाही, ते तर सीओईपीकडे. स्वस्ताई नाही, तीही तिकडेच. मिळणार होती ती ब्रँच. कम्प्युटर सायन्स. म्हणजे ही मेरिट स्कॉलरशिप खरं तर मेरिटला दिलेलं बक्षीस नाही, ज्याला सरकारी कॉलेजात कॉम्प्युटर थोडक्यात हुकलंय त्याला तेच नाव असलेली ब्रँच विकायची किंमत आहे, आणि ती किंमत परवडेल असं वाटावं म्हणून सूट. ९८ वाल्यांनाच का इतके फोन येतात ते यावरून कळतं, ९९.९ वाल्याला कोण विचारतंय, तो येणारच नाही आणि ८० वाल्याला सूट द्यायची गरजच नाही.

सहा लाख म्हणजे किती ते बँकेच्या भाषेत सांगते. १० टक्क्याने सात वर्षांची परतफेड धरली तर महिना दहा हजाराच्या जवळ हप्ता, आणि शिकत असतानाचं व्याज यात धरलेलं नाही. पोराला नोकरी लागल्यावर पहिल्या पगारापासून. भावाला हे ऐकून जरा घाम फुटला, कारण द्राक्षाचं तुम्हाला माहीतच आहे, एका अवकाळीत वर्ष जातं.

भाच्याचं म्हणणं मात्र सोडून देण्यासारखं नव्हतं. तो म्हणाला, “आत्या, मेटलर्जीत मला करायचंय काय? चार वर्षं लोखंड बघून शेवटी जॉब आयटीतच करायचा असेल तर पहिल्यापासून सीएसच का नको?” प्रश्न बरोबर आहे. सीओईपीचं नाव आहे म्हणून मेटलर्जी घ्या आणि ब्रँच बदलून मिळेल या भरवशावर राहा असं सांगणारे नातेवाईक भरपूर असतात, ब्रँच बदलाच्या जागा मूठभर असतात आणि त्या सगळ्यात वरच्या पोरांना जातात, तिथे सगळेच वरचे. त्यामुळे ब्रँच बदल शून्य धरून मगच विचार करायचा. ज्या पोराला मेटलर्जीचा ‘म’ नको आहे त्याला चार वर्षं नावाच्या हौसेपायी बसवणं हाही तोट्याचाच व्यवहार.

म्हणून आम्ही नावाचं काम काय असतं तेच जरा नीट बघितलं. माझ्या मते नावाने मुख्यतः दोन-तीन गोष्टी होतात. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या पहिला दरवाजा कोणाला उघडतात, त्यात बऱ्याच कंपन्या सगळ्या ब्रँचना बसू देतात, काही फक्त कॉम्प्युटर आणि ईएनटीसीला (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम), हे सीनियरांना विचारून कळतं आणि ते विचारलंच पाहिजे. दुसरं म्हणजे शेजारी बसणारी पोरं. रात्री होस्टेलला कोण काय करतंय यावर तुमचं पोर काय करणार ते ठरतं, आणि सीओईपीत मेटलर्जीची पोरंही रात्री कोडिंगच करत असतात हे मला तिथल्याच एका सीनियरने बोट क्लबपाशी उभं राहून सांगितलं. (मुळेच्या काठाचा तो बोट क्लब बघून भाच्याचं निम्मं मत तिथेच बदललं असावं असा मला संशय आहे, रेगॅटा या तिथल्या होड्यांच्या कार्यक्रमाबद्दल दहा प्रश्न विचारले, अभ्यासक्रमाबद्दल एक.) तिसरं म्हणजे आधीचे विद्यार्थी, दीडशेच्या वर वर्षं पोरं बाहेर पडतायत म्हटल्यावर कुठेही गेलात तरी कोणीतरी भेटतं.

नावाने जे होत नाही तेही सांगते. चार-पाच वर्षं नोकरी झाल्यावर कॉलेज कोणतं हे कोणी फारसं विचारत नाही, तोपर्यंत तुम्ही काय केलं ते विचारतात. आणि सरकारी कॉलेज म्हणजे सगळं चकाचक असंही काही नाही, त्या खाजगी कॅम्पसच्या लॅब खरोखर बघण्यासारख्या होत्या, खुर्च्यासुद्धा नवीन.

एक गोष्ट मला फार पटली ती इथे लिहिते. स्टेसी डेल आणि अॅलन क्रूगर या दोन अमेरिकन संशोधकांनी २००२ मध्ये एक अभ्यास छापला, त्यांनी अशी मुलं धरली ज्यांना साधारण सारख्याच दर्जाच्या कॉलेजांत प्रवेश मिळत होता, त्यातली काही मोठ्या नावाच्या कॉलेजला गेली आणि काही कमी नावाच्या. पुढे कमाईत फारसा फरक दिसला नाही, हुशार पोर कुठेही गेलं तरी हुशारच. पण गरीब घरातल्या मुलांना मात्र मोठ्या नावाचा फायदा झाला, आणि त्यांच्या पुढच्या अभ्यासात ज्यांचे आईवडील फार शिकलेले नाहीत त्यांच्याबाबतीतही तसंच निघालं. अमेरिका वेगळी, आपलं कॅप वेगळं, हे मान्य. तरी हे मला आमच्या घराला लागू वाटलं. पुण्यात बाणेरमध्ये आई-बाबा दोघं आयटीत असलेल्या पोराला कॉलेजच्या नावाची गरज कमी, कारण पहिली इंटर्नशिप बाबांच्या मित्राकडे मिळते, रेझ्युमे आईच तपासून देते. आमच्या भाच्याच्या घरात रेझ्युमे म्हणजे काय ते तोच पहिला शिकणार. त्याच्या ओळखी कॉलेजच्या नावातूनच येणार, दुसरीकडून कुठून येणार? तेव्हा नाव हा दिखावा आहे असं जे शहरातले लोक म्हणतात ते त्यांच्यापुरतं खरं असेल.

नाव आणि रँकिंग यात गल्लत करू नका हेही सांगायचंय. फोल्डरच्या मागच्या पानावर कुठल्या कुठल्या मासिकांचे रँक होते, तिकडे मी बघितलंही नाही. एनआयआरएफ बघितलं, ते केंद्र सरकारचं रँकिंग, २०१६ पासून निघतं, त्यात इंजिनिअरिंगला शिकवणं आणि साधनं याला ३० टक्के, संशोधनाला ३०, निकाल-प्लेसमेंट-पुढचं शिक्षण याला २०, आणि लोकांच्या मनातली प्रतिमा १० टक्के असं वजन असतं. म्हणजे प्राध्यापकांनी पेपर भरपूर छापले तर रँक वर जातो, तुमच्या पोराला शिकवलं कसं हे त्यातून कळेलच असं नाही. पण एनआयआरएफचा खरा उपयोग रँकमध्ये नाहीच, कॉलेजने भरून दिलेल्या माहितीच्या पीडीएफमध्ये आहे. त्यात किती पोरं पास झाली, किती जणांना नोकरी लागली, किती पुढे शिकायला गेली आणि पगाराचा मीडियन किती हे सगळं दिलेलं असतं. मीडियन म्हणजे शंभर पोरं पगाराप्रमाणे रांगेत उभी केली तर मधल्याचा पगार. हायवेवरच्या होर्डिंगवर जो ‘हायेस्ट पॅकेज’चा आकडा असतो तो त्या रांगेतल्या सगळ्यात पहिल्याचा, तुमचं पोर पहिलं उभं राहील असं गृहीत धरून दहा लाख घालणार का? सातारा ओलांडून पुण्याकडे निघालं की ही होर्डिंगं सुरू होतात, प्रत्येकावर एक टाय घातलेलं पोर आणि एक आकडा. मी त्या मुलीला मीडियन विचारला तर तिने परत हायेस्टच सांगितला, आणि तोही ग्रुपमधल्या सगळ्या कॉलेजांचा मिळून.

कर्ज काढणार असाल तर अजून एक. केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली, तिच्यात संस्थांची यादी एनआयआरएफवरच ठरते, यादीतल्या कॉलेजला तारण आणि जामीनदार लागत नाही, आणि ८ लाखाच्या आत उत्पन्न असेल तर १० लाखापर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत, हप्ते सुरू होईपर्यंतच्या काळासाठी. म्हणजे कॉलेजच्या नावाला बँकेच्या काउंटरवरही किंमत आहे. प्रवेश घ्यायच्या आधी संस्था यादीत आहे का ते बघा, घेतल्यावर नव्हे.

मुलगी असेल घरात तर हा सगळा हिशोब अजूनच एका बाजूला झुकतो. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखाच्या आत असेल तर, कॅपमधून व्यावसायिक कोर्सला प्रवेश घेतला की शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. जीआर ८ जुलै २०२४ चा. पण त्यातून खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळलेली आहेत. माझ्या भावाला मुलगी असती आणि ५० टक्केवालं फोल्डर आलं असतं तर मी ते उघडलंही नसतं, तिकडे शंभर टक्के असताना पन्नासचं कौतुक कशाला. शाहू योजनेलाही हेच, खाजगी विद्यापीठात गेलात की ती नाही. हे कुठल्याही प्रवेशाच्या काउन्सेलरने आपणहून सांगितलं नाही, आणि त्यांनी का सांगावं म्हणा. शिवाय टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे ट्यूशन फी माफीच्या योजनेच्या, जागा, मंजूर जागांच्या वर ५ टक्के, ८ लाखाच्या आतल्यांसाठी. त्यांचा कटऑफ चढा असतो पण कॅपच्या ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे कॉलेज-ब्रँचच्या पसंतीच्या यादीत, टाकायला काय जातंय.

वेळेचं सांगायचं राहिलं, आणि या वस्तूचा सगळ्यात वाईट भाग तोच. स्कॉलरशिप ‘कन्फर्म’ करायला दोन दिवस मुदत, टोकन, म्हणजे जागा धरून ठेवायचे पैसे, भरा नाहीतर दुसऱ्याला जाईल. ती मुदत बरोबर कॅपची पहिली फेरी लागायच्या आधी संपणारी. हा योगायोग नसतो. २०२५ पासून कॅपमध्ये चार फेऱ्या आणि पहिल्या फेरीत पहिलाच ऑप्शन लागला, दुसरीत पहिल्या तीनातला लागला, तिसरीत पहिल्या सहातला लागला तर तो आपोआप फ्रीझ, मग पुढच्या फेरीत जाता येत नाही. म्हणजे खरा निर्णय ऑप्शन फॉर्म भरतानाच होऊन जातो, मागाहून ‘बघू की’ चालत नाही. त्यात हे टोकनचं घोडं मधेच नाचवलं की घरातली माणसं घाबरून भरून टाकतात. भरलेच असतील तर घाबरू नका, यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, फी परताव्याचे नियम आहेत, २०२४-२५ ला ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त हजार रुपये कापून, असं होतं, तुमच्या वर्षाचं पत्रक बघून घ्या. आणि मूळ कागदपत्रं विद्यापीठाला ठेवून घेता येत नाहीत, २०१८ च्या यूजीसी अधिसूचनेत ते स्पष्ट आहे. बघायला द्या, हातात परत घ्या, झेरॉक्स ठेवा म्हणावं.

आम्ही टोकन भरलं नाही. ऑप्शन फॉर्मवर त्या रात्री भरपूर खडाखडी झाली, शेवटी भाच्याने स्वतःच क्रम लावला, वालचंदचं कॉम्प्युटर वर, मग वालचंदचंच आयटी, मग सीओईपीची मेटलर्जी, मग बाकीचं. वालचंद वर का तर ब्रँच पाहिजे ती, अनुदानित कॉलेज, फी कमी, आणि सांगली घरापासून जवळ, शनिवारी आईच्या हातचं जेवण. नाव म्हणाल तर आमच्या भागात १९४७ सालच्या वालचंदचं नाव पुण्यातल्या कुठल्याही कॉलेजला हार जात नाही, पुण्यातल्या लोकांना पटो न पटो. दुसऱ्या फेरीत तिसरा ऑप्शन लागला, मेटलर्जी, आपोआप फ्रीझ. भाचा दिवसभर गप्प होता, संध्याकाळी मोबाइलवर सीओईपीचे मायनर डिग्रीचे, म्हणजे आपल्या ब्रँचच्या जोडीने दुसरा विषय घ्यायचे, नियम वाचत बसलेला दिसला.

मग ही स्कॉलरशिप घ्यावी कोणी? घेण्यासारखी आहे काही जणांना, म्हणून तर अडीच स्टार. माझ्या बँकेतल्या एका सहकारी बाईंच्या मुलीने असलीच एक दुसरीकडची घेतली, राहतात पुण्यातच त्यामुळे होस्टेल नाही, उत्पन्न ८ लाखाच्या वर त्यामुळे सरकारी योजना तशाही नव्हत्या, पर्सेंटाइल ९३ त्यामुळे समोर सीओईपी नव्हतंच, समोर होतं एक लांबचं मध्यम कॉलेज. मुलगी आठवीपासून कोडिंग करणारी, ८ एसजीपीए तिला जड गेले नाहीत. तिथे ही वस्तू चांगली चालली. शिवाय त्यांच्या पत्रात सूट टक्क्यात होती, रुपयांत नव्हती, आणि एक सेमिस्टर घसरलं तरी पुढच्या सेमिस्टरला सावरायची सोय होती. सारखंच नाव, ‘मेरिट स्कॉलरशिप’, पण माल वेगळा. म्हणून पत्रातलं तिसरं पान वाचल्याशिवाय कोणाच्याही सांगण्यावर जाऊ नका, माझ्यासुद्धा.

पॅकिंगला पाच स्टार, कागद झकास, भावाच्या बायकोने ते फोल्डर आता रेशनकार्ड ठेवायला घेतलंय. बोलण्याला चार. अटी स्पष्ट लिहिल्याबद्दल तीन, बारीक अक्षराबद्दल एक कापला नाही तो चांगुलपणा समजा. मुदतीच्या दादागिरीला शून्य. आणि किमतीला दोन.

ता. क. दुसऱ्या फेरीचा निकाल लागून भाचा मोकळा झाल्यावर परत मेसेज आला, ‘स्पेशल केस’ म्हणून स्कॉलरशिप ६० टक्के केली आहे, आजच कन्फर्म करा. पर्सेंटाइल तेच, मार्कशीट तीच, मेरिट मधल्या काही दिवसांत दहा टक्क्यांनी वाढलं. मी सवयीने हिशोब केला, २ लाख ४० हजार सूट कायम धरून चार वर्षांचे ८ लाख ४२ हजार, होस्टेल सोडून. स्टार अडीचच ठेवलेत.